महामार्गात गेलेली बाग आणि भाव ठरवणारा लवाद

प्रश्न : जालना जिल्ह्यातली आमची दोन एकर मोसंबीची बाग राष्ट्रीय महामार्गात गेली. प्रांतांच्या निवाड्यात ती जिरायत धरली आहे. दाद मागायला गेलो तर लवाद म्हणून जिल्हाधिकारीच. त्यांच्याऐवजी न्यायाधीश मागता येईल का?

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे, पण उत्तर 'नाही' असंच द्यावं लागतंय. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3-जी(5) प्रमाणे लवाद केंद्र सरकार नेमतं. उच्च न्यायालयाकडून लवाद नेमून घेण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सय्यदाबाद टी कंपनीच्या प्रकरणात बंद केली. नेमणूकच रखडली तर रिट याचिका करता येते, एवढंच.

हीच बाग पाझर तलावासाठी 2013च्या भूसंपादन कायद्याखाली गेली असती, तर वाढीव मोबदल्याचं प्रकरण जिल्हा न्यायाधीश असलेल्या वा राहिलेल्या किंवा किमान सात वर्षं वकिली केलेल्या व्यक्तीपुढे चाललं असतं. तिला नेमताना सरकारला उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करावा लागतो. बांध तोच, सातबारा तोच. तलावाऐवजी रस्ता आला म्हणून भाव ठरवणारा माणूस बदलतो. हा शेतकऱ्यावर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी एक तपासा. तुमच्या निवाड्यावर ज्यांची सही आहे, तेच अधिकारी बढतीवर येऊन लवाद झालेत का? तसं असेल तर कळल्यापासून 15 दिवसांत त्यांच्याकडेच लेखी हरकत द्या. ते ती फेटाळतीलही, पण पुढे जिल्हा न्यायालयात हा मुद्दा जिवंत राहतो.

बाकी सगळा जोर कागदांवर लावा. विहिरीची नोंद आणि पीकपेरा दाखवणारा सातबारा, मोटारपंपाचं वीजबिल, झाडांचा पंचनामा आणि कलम 3-एच्या, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या, अधिसूचनेआधीची शेजारच्या बागायतीची खरेदीखतं, कारण बाजारभाव त्याच तारखेचा धरतात. प्रत्येक कागदाची पोच घ्या. विहीर आणि झाडं असताना जमीन जिरायत कशी, याचं कारण लेखी मागा. लवादाला कारणं द्यावीच लागतात.

लवादाच्या निवाड्यावर लवाद कायद्याच्या कलम 34 खाली तीन महिन्यांत जिल्हा न्यायालयात जायचं. सबळ कारण असेल तर वर फार तर 30 दिवस. तिथे निवाडा रद्द होऊ शकतो, पण न्यायालय स्वतः भाव वाढवून देईल या भरवशावर राहू नका. म्हणून लवादापुढेच काही हातचं राखू नका.

रक्कम उचलताना 'हरकत राखून' असं लिहूनच सही करा. आणि 3-एची तारीख व झाडांच्या मूल्यांकनाचा तक्ता मला कळवा; त्याशिवाय किती मागावं हे सांगता येणार नाही.