‘प्रार्थना करते हं’ म्हणते आणि विसरते. मी ढोंगी आहे का?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती भावाबहिणींकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. तोंडाने एक बोललं जातं, हातून दुसरंच होतं, आणि रविवारी गीतपुस्तक उघडताना मन खातं. इथे दिलेला अनुभव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, ताईंचा आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताईंचं वय ४६. मंडळीच्या महिला मंडळाच्या त्या चिटणीस. गुरुवारी मंडळाची सभा, महिन्यातून दोनदा घरभेटी, रविवारी शब्बाथ शाळेचा वर्ग. एका रविवारी उपासना सुटल्यावर फाटकाशी त्यांना मंडळीतलीच एक बाई भेटली. तिच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. महिनाभरापूर्वी ताईंनी तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, ‘रोज प्रार्थना करते हं तुमच्यासाठी. काही लागलं तर नक्की सांगा.’ आता ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही रोज प्रार्थना करताय ना, त्याच आधारावर उभी आहे मी.’

ताईंनी मान डोलावली. त्या महिन्यात त्या घरासाठी त्यांनी एकदाही प्रार्थना केली नव्हती.

घरी गेल्यावर त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही. पुढच्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मनात दोन गोष्टी पक्क्या करूनच आल्या होत्या. पहिली, आपण ढोंगी आहोत, तेव्हा चिटणीसपद सोडायचं आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, घ्यायचं नाही. दुसरी, प्रायश्चित्त म्हणून ४० दिवस उपास करायचा आणि पहाटे ४ ला उठून मंडळीतल्या प्रत्येक घराचं नाव घेऊन प्रार्थना करायची.

उपासाचा बेत आम्ही आधी थांबवला. ताईंना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांना न विचारता उपास धरला तर रक्तातली साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. दुसरं कारणही तितकंच महत्त्वाचं होतं. ज्या माणसाच्या हातून लहान शब्द सुटतो, तो लाजेपोटी त्याहून मोठा शब्द देऊन बसतो. तो पाचव्या दिवशी मोडतो आणि लाज दुप्पट होते. बायबलमधल्या उपदेशकाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितलं आहे की नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेलाच बरा. असे बरेच प्रामाणिक लोक आम्ही पाहिले आहेत. ते ह्या चक्रात वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि त्यालाच पश्चात्ताप समजतात.

मग ‘ढोंगी’ ह्या शब्दाकडे वळलो. नव्या करारात ढोंग्यासाठी आलेला मूळ ग्रीक शब्द नाटकातल्या नटासाठी वापरला जाई. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू ज्यांना ढोंगी म्हणतो, ते लोकांनी पाहावं म्हणूनच चौकात उभे राहून प्रार्थना करतात. त्या बाईचा हात धरला तेव्हा ताईंना तिचं दुःख खरंच लागलं होतं. ते सोंग नव्हतं. नंतर प्रार्थना राहिली, ती दुर्बलता. प्रेषित पौलासारखा माणूसही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात लिहितो की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही. पण फाटकाशी डोलावलेली मान ही गोष्ट वेगळी. तिथे खोटं घडलं. विसरणं सुधारायचं असतं, खोटं कबूल करायचं असतं. ह्या दोन्हींची सरमिसळ झाली की माणूस स्वतःला सगळ्याबद्दल दोष देत बसतो आणि नेमकी जी एक गोष्ट करायची असते, ती राहून जाते.

पहिलं काम दिलं ते फक्त मोजणीचं. सात दिवस, दिलेला प्रत्येक शब्द खिशातल्या छोट्या डायरीत लिहायचा: तारीख, कोणाला, काय म्हटलं, कधीपर्यंत. ह्या आठवड्यात सुधारायचं काहीच नाही.

ताईंनी ३४ शब्द लिहून आणले. त्यात २१ वेळा ‘प्रार्थना करते’, ८ वेळा ‘येते’, ‘फोन करते’ किंवा ‘बघते’, आणि ५ शब्द घरातल्यांना दिलेले. पाळले गेले होते ९. ताई त्या ९ च्या आकड्याकडे पाहून रडल्या. आम्ही मात्र त्या २१ नोंदी पुन्हा वाचल्या आणि प्रत्येक नोंद कुठे उभं राहून झाली ते विचारलं. बहुतेक सगळ्या एकाच प्रकारच्या जागी झाल्या होत्या: फाटकाशी, रिक्षात पाय ठेवताना, फोन ठेवताना, सभेनंतर सतरंज्या गुंडाळताना. म्हणजे ‘प्रार्थना करते हं’ हा ताईंचा निरोपाचा शब्द झाला होता. ‘बरं, येते’ म्हणण्याऐवजी त्या ‘प्रार्थना करते’ म्हणत. त्याखेरीज मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हात जोडल्याची खूण पाठवली जाई, ती तर मोजलीच नव्हती.

आपल्या मंडळ्यांमध्ये हे फार पसरलेलं आहे, आणि त्यात वाईट हेतू क्वचितच असतो. दुःख ऐकलं की काय बोलावं सुचत नाही. रिकाम्या हाताने निघताना काहीतरी देऊन जावंसं वाटतं, म्हणून शब्द दिला जातो. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अगदी हाच प्रसंग आहे: उघड्या आणि उपाशी भावाला कोणी म्हणतो, सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो; पण देत काहीच नाही. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. तो निरोपही गोड शब्दांतच दिलेला आहे, हे आपण वाचताना विसरतो.

ह्यावर उपाय कृती वाढवण्यापासून सुरू होत नाही. आधी शब्द लहान करावा लागतो.

ताईंनी तीन बदल केले. पहिला: ‘प्रार्थना करते’ असं पुढचं वचन द्यायचंच नाही. ‘आत्ता करूया का?’ असं विचारायचं आणि तिथेच करायची. समोरच्याचं नाव, एकच नेमकी विनंती, आमेन. अर्धा-पाऊण मिनिट पुरतं. लांबली की ती बोधवचन होते आणि पुढच्या वेळी समोरचा टाळतो. फोनवर असाल तर फोनवरच. ग्रुपवर असाल तर हात जोडण्याऐवजी दोन ओळींची प्रार्थना टाइप करायची; तेवढं टाइप होईपर्यंत ती झालेली असते. समोरचा नको म्हणाला तर ‘ऐकून वाईट वाटलं’ एवढंच बोलून थांबायचं. ते खरं असतं आणि त्याचं देणं मागे राहत नाही.

दुसरा: रोज आठवण करायची नावं एका वेळी पाचच, डायरीच्या एका पानावर. त्यासाठी नवी वेळ काढायची नाही. ताईंच्या घरी रात्री जेवणानंतर कौटुंबिक उपासना होतेच, तिथेच ती पाच नावं. दोन आठवड्यांनी प्रत्येकाला विचारायचं, आता कसं आहे? आणि पान बदलायचं. सहावं नाव आलं तर त्या माणसासाठी तिथल्या तिथे प्रार्थना, पानावर जागा नाही.

तिसरा बदल सगळ्यात अवघड गेला. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य बंद. ऐकायला मायेचं वाटतं, पण मागण्याचं ओझं ते दुखणाऱ्या माणसाच्याच गळ्यात टाकतं, आणि तो कधीच मागत नाही. त्याऐवजी वार, वेळ आणि काम सांगायचं: ‘मंगळवारी बारा वाजता मी मोकळी आहे, अमुक करू का?’

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. ताईंनी डायरीत आपणहून पाचवा रकाना आखला, गुणांचा. दहापैकी किती. तीन दिवस कमी गुण पडले आणि डायरी कपाटात गेली. हे बऱ्याच जणांचं होतं. नोंदवही ही आठवणीसाठी असते. तिचा न्यायाधीश केला की माणूस तिला घाबरतो. तो रकाना काढून टाकला आणि नवं पान सुरू केलं. नव्या पानावर घरचे शब्द आधी लिहायचे, एवढी मात्र अट घातली. घरी दिलेल्या ५ पैकी एकच शब्द पाळला गेला होता. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं तीनदा पुढे ढकललं होतं, तिन्ही वेळा मंडळाच्या कामासाठी. सेवा आणि साक्ष बाहेर दिसते, पण आपल्या शब्दाची किंमत सगळ्यात आधी घरच्यांना कळते.

राहिली होती ती डोलावलेली मान.

प्रभुभोजनाबद्दल ताईंचं म्हणणं होतं की आपण अयोग्य आहोत, म्हणून घेऊ नये. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी असं आहे; परीक्षा करून दूर राहावं असं नाही. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तर क्रमही दिला आहे: भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर, मग येऊन अर्पण कर. त्यांच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. ताईंनी आदल्या शनिवारी जायचं ठरवलं.

अशा कबुलीत काय बिघडतं ते आधी बोलून घेतलं. माणूस रडत रडत वीस मिनिटं स्वतःला बोल लावतो, आणि जिच्या घरात आजार आहे तिलाच त्याची समजूत काढावी लागते. म्हणून वाक्यं आधी लिहून काढली, चारच. ‘रोज प्रार्थना करते असं मी म्हटलं होतं, ती केली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मान डोलावली, तेही खोटं होतं. माझं चुकलं, मला क्षमा करा. मंगळवार आणि शुक्रवार दुपारी मी मोकळी असते, तुमचं एखादं काम अंगावर घेऊ का?’ पुढे समोरची रागावली, गप्प बसली, तर ते ऐकून घ्यायचं. कारणं सांगायची नाहीत. क्षमा तिथल्या तिथे मिळालीच पाहिजे असा हट्टही नाही.

ताई शनिवारी गेल्या, हातात दोन शहाळी घेऊन. त्या बाईने सगळं ऐकलं, बराच वेळ काही बोलली नाही, मग शहाळी हळूच बाजूला ठेवत म्हणाली, ‘ह्यांना नारळपाणी चालत नाही.’ डायलिसिसवरच्या बहुतेक रुग्णांना पाणी मोजून द्यावं लागतं, आणि नारळपाणी, केळी, टोमॅटो, बटाटा ह्यांतलं पोटॅशियम मूत्रपिंडं बाहेर टाकू शकत नसल्यामुळे थेट हृदयावर बेतू शकतं. आजाऱ्याकडे जाताना शहाळं नेणं ही आपल्याकडची मायेची रीत, आणि नेमकी तीच इथे घातक. एरवी ताईंनी ह्याचाही अपराध मानून घेतला असता. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, ‘मग काय करू?’ उत्तर कोणाच्या मनात नव्हतं असं निघालं. डायलिसिसच्या वारांपैकी मंगळवारी आणि शुक्रवारी नवऱ्याला घेऊन ती सकाळी जाते, चार तास तिथे बसावं लागतं, आणि धाकटा मुलगा १२:२० ला शाळेतून सुटतो. त्याला आणायला कोणी नसतं.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगायला हवी. काहींच्या बाबतीत ही टोचणी वेगळ्या जातीची असते. केलेली प्रार्थना नीट झाली नाही म्हणून तीच दहा वेळा म्हणणं, क्षुल्लक शब्दांची कबुली पाळकांकडे रोज देणं, दिवसाचा तासाहून अधिक वेळ ह्याच विचारात जाणं, आणि क्षमेची खात्री मिळूनही अर्ध्या तासात तीच भीती परतणं. हा विश्वासाचा प्रश्न नसून मंत्रचळाचा (ओसीडी) आजार असू शकतो. अशांना आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतो. औषधांनी आणि उपचारांनी त्यात चांगला फरक पडतो. त्यांच्या हाती डायरी देऊ नये, तिने त्रास वाढतो. ताईंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. त्यांची टोचणी एका खऱ्या गोष्टीची होती आणि ती गोष्ट केल्यावर शांत झाली.

त्या रविवारी ताईंनी प्रभुभोजन घेतलं. चिटणीसपद त्यांच्याकडेच आहे, शब्बाथ शाळेचा वर्ग मात्र त्यांनी दुसऱ्या बहिणीकडे सोपवला. मंगळवार-शुक्रवारी दुपारी त्या शाळेच्या फाटकाशी असतात. मध्यंतरी एका शुक्रवारी त्यांना ताप भरला. पूर्वी त्या ‘बघू, बारापर्यंत उतरेल’ म्हणून पडून राहिल्या असत्या. त्यांनी सकाळी नऊलाच फोन करून सांगितलं, ‘आज मला जमणार नाही.’ शेजारणीला निरोप द्यायला तीन तास मिळाले, आणि १२:२० ला मुलगा फाटकाशी एकटा उभा राहिला नाही.