मॅडम, गोळ्या नकोत, नैसर्गिक काहीतरी सांगा

दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात हे वाक्य कानावर पडत नाही असा आठवडा जात नाही. ते म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दोन धास्ती असतात. गोळीची सवय लागेल ही एक, आणि शेजारीपाजारी कळले तर लोक काय म्हणतील ही दुसरी. दोन्ही मला समजतात, म्हणून मी कुणालाही लगेच खोडून काढत नाही. मात्र ‘तुम्ही सध्या काय काय घेता, ते सगळे पुढच्या वेळी घेऊन या,’ असे आवर्जून सांगते. असे का सांगते, ते एका ताईंच्या अनुभवातून लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ४२ वर्षांच्या, भांडुपला राहणाऱ्या, फोर्टमधल्या एका कार्यालयात हिशेबाचे काम करणाऱ्या. सात-आठ महिन्यांपासून त्यांना छातीत धडधड व्हायची, हात थरथरायचे, पहाटे तीनला जाग यायची आणि मग काहीतरी वाईट होणार या विचाराने पुन्हा डोळा लागायचा नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनी कापडी पिशवीतून एकेक वस्तू काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडली. मैत्रिणीने सुचवलेल्या अश्वगंधाच्या कॅप्सूल, ब्राह्मीचे चूर्ण, केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या गोळ्या आणि परदेशातून भावाने आणलेली, अजून न उघडलेली, उदासीवर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीची बाटली. ‘एवढेच?’ असे मी विचारले, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “हो, म्हणजे थायरॉइडची गोळी आहे, पण ती सहा वर्षांपासूनची आहे. रोजचीच ना ती, ती काय सांगायची?”

सगळे घोडे तिथेच अडले होते. अश्वगंधा शरीरातील थायरॉइड संप्रेरकाचे प्रमाण वाढवू शकते. ज्यांची थायरॉइडची, म्हणजे कमी पडणारे संप्रेरक भरून काढणारी गोळी चालू आहे, त्यांनी अश्वगंधा डॉक्टरांना न विचारता सुरू केली, तर संप्रेरक गरजेपेक्षा जास्त होण्याचा धोका असतो आणि मग धडधड, थरथर, अस्वस्थता, झोपमोड अशी हुबेहूब चिंताविकारासारखी लक्षणे दिसू लागतात. धडधड अश्वगंधाच्या आधीपासूनच होती, पण कॅप्सूल सुरू केल्यावर ती वाढली होती, आणि वाढली म्हणून ताईंनी मनानेच मात्रा दुप्पट केली होती.

मी समुपदेशक आहे, औषधे देणे किंवा बंद करणे हे माझे काम नव्हे. म्हणून सगळ्या वस्तूंची यादी एका कागदावर लिहून त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. डॉक्टरांनी अश्वगंधा थांबवली आणि रक्ततपासणीच्या आधी दोन दिवस बायोटिनही बंद ठेवायला सांगितले, कारण बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. अहवालात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक) खाली गेलेले होते, म्हणजे थायरॉइड संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले होते, आणि हिमोग्लोबिन ९.८, म्हणजे कमी होते. गोळीची मात्रा बदलली, लोहाची गोळी सुरू झाली, आणि त्या दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवायचे ठरले, कारण लोहामुळे थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. रक्त कमी असले तरी धडधड होते आणि धाप लागते, याचा विचार चिंतेच्या तक्रारीत फार क्वचित केला जातो.

वनौषधींना मी नाकारत नाही. अश्वगंधाने ताण थोडा हलका होतो असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण ज्या वस्तूचा शरीरावर परिणाम होतो, तिचा अपायही होऊ शकतो. अश्वगंधा गरोदरपणात टाळावी लागते, क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. सेंट जॉन्स वर्ट गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा परिणाम कमी करते, आणि नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर घेतल्यास प्रकृती गंभीर होऊ शकते. ब्राह्मीची अडचण आणखी वेगळी, कारण त्या नावाने कुठे जलब्राह्मी मिळते तर कुठे मंडूकपर्णी, आणि या दोन निराळ्या वनस्पती आहेत.

त्यानंतरच्या भेटीत आम्ही पिशवी बाजूला ठेवून ताईंचा दिवस मांडला. पावणेपाचला उठायचे, चहाच्या घोटाबरोबर थायरॉइडची गोळी, चौघांचे डबे, सहा पन्नासची लोकल, आणि दुपारी एकपर्यंत पोटात फक्त चहा. कार्यालयात दिवसभरात चार कटिंग. गुरुवारी उपवास, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि पुन्हा चहा. हात नेमके किती वाजता थरथरतात असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “अकराच्या सुमारास. रोजच.” रिकामे पोट आणि त्यावर कॅफिन, यांनी निरोगी माणसाचेही हात कापतात.

म्हणून पहिला बदल डब्यात झाला. गोळी पाण्याबरोबर आणि उपाशीपोटी, पाऊण तासाने नाचणीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, तेही जमले नाही तर गाडीत बसून खाता येईल अशी घडी करून. उपवासाला खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही आणि दाणे. दुपारच्या उसळीवर लिंबू, कारण त्याने अन्नातले लोह अधिक शोषले जाते, आणि जेवणानंतर लगेच चहा नाही, कारण त्याने ते कमी शोषले जाते. शरीरातले निम्मे कॅफिन कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून तीननंतरचा चहा बंद. चहा एकदम तोडला तर डोके दुखते, तेव्हा तो दर आठवड्याला एक कप असा उतरवला.

व्यायामाला वेळ नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. मग सीएसएमटीहून कार्यालयापर्यंतची शेअर टॅक्सी सोडली. जाताना पंधरा मिनिटे, येताना पंधरा, आठवड्यातले पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याची १५० मिनिटे त्या चालण्यातच भरली. गाडीत जागा मिळाली की चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा. मिनिटाला सहा श्वास. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते, हे त्यांनी बोटांखालच्या नाडीवर स्वतः अनुभवले.

एवढे करूनही पहाटेची जाग पूर्ण गेली नाही, आणि समुपदेशनाचे खरे काम तिथून सुरू झाले. त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली होती, बिल्डरकडून मिळायचे भाड्याचे पैसे चार महिन्यांपासून थकले होते, आणि घरात कुणीही तो विषय काढत नव्हते. या काळजीला कोणतेही चूर्ण पुरणार नव्हते. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ एका वहीत काळज्या लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढे ‘मी काही करू शकते’ किंवा ‘माझ्या हातात नाही’ असे लिहायचे, असे ठरले. तिसऱ्या आठवड्यात त्या सोसायटीच्या सभेत उभ्या राहिल्या आणि कराराची प्रत मागितली.

चिंता मोजण्याच्या सात प्रश्नांच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण सुरुवातीला २१ पैकी १४ होते, तीन महिन्यांनी ६ झाले. यातले किती श्रेय थायरॉइडचे, किती भाकरीचे आणि किती त्या वहीचे, हे मी वेगळे करून सांगू शकत नाही. एवढ्यावर सर्वांचे भागतेच असेही नाही. चिंतेने कामावर जाणे थांबले असेल, जेवण तुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. चिंतेवर दीर्घकाळ दिली जाणारी औषधे बहुधा झोपेच्या गोळीसारखी व्यसन लावणारी नसतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने एकदम बंद करायची नसतात. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा शासकीय क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटच्या भेटीत ताईंनी थोड्या संकोचाने विचारले, “सासूबाई रात्री दुधात जायफळ उगाळून देतात, तेही बंद करू का?” मी म्हटले, चिमूटभर चालेल, त्या प्रेमाने देतात. चमच्याने मात्र कधीही घेऊ नका, जास्त जायफळ विषारी ठरते. त्यांनी पर्समधून घडी घातलेली औषधांची यादी काढली आणि थायरॉइड, लोह यांच्याखाली आपल्या हाताने लिहिले: जायफळ, सहाणेवर दोन वळसे, रात्री.