कोळंबी शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या नव्या अधिकाऱ्याने कोणतं प्रशिक्षण मागून घ्यावं?

पालघरला पहिली नेमणूक झालीय आणि कोणतं प्रशिक्षण मागू, असं तुम्ही विचारलंय. मी कोकणातल्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनींत, बरीच वर्षं हेच काम केलं. सगळ्यात आधी रोगनिदान मागा.

मी नवीन असताना पाण्याचे आकडे मला तोंडपाठ होते. तरी एका शेतकऱ्याचं नुकसान माझ्या सल्ल्यानेच झालं. सत्तर दिवसांच्या व्हॅनामी जातीच्या कोळंबीची वाढ थांबली होती. खाद्य खाल्लं का ते बघायला पाण्यात ठेवलेला चेक ट्रे उचलला तर काही कोळंबी बोटाएवढी, काही त्याच्या निम्मी. पाण्यावर विष्ठेचे पांढरे दोरे तरंगत होते. मी खनिजं आणि प्रोबायोटिक वाढवायला सांगितलं. निघालं ईएचपी, म्हणजे एका सूक्ष्म परजीवीमुळे होणारा रोग. त्यात कोळंबी पटापट मरत नाही, खाते पण अंगी लागत नाही, आणि त्यावर औषध नाही. महिनाभराचं खाद्य मातीत गेलं. नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये घालून प्रयोगशाळेत पीसीआर तपासणीला पाठवायचा, काढणीनंतर तलाव सुकवून हेक्टरी ६ टन कळीचा चुना मातीत मिसळायचा, हे मला नंतर कळलं. चेन्नईच्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत हे विषय शिकवतात. तिथे जाण्यासाठी वरिष्ठांच्या मागे लागा.

दुसरं, हिशेब. निम्म्याहून जास्त खर्च खाद्याचा, आणि ते बऱ्याचदा उधारीवर आणलेलं. त्यामुळे दुकानदाराच्या माणसाचा शब्द तुमच्यापेक्षा जड जातो. किलोभर कोळंबीमागे खाद्य किती लागलं, आजचा काऊंट, म्हणजे किलोत बसणारे नग, किती, अजून दहा दिवस थांबलो तर हाती काय उरेल, हे बांधावर उभं राहून वहीत मांडता आलं, की शेतकरी ऐकतो.

तिसरी गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. कोळंबीच्या कवचावर विषाणूरोगाचे पांढरे ठिपके दिसले की तीन ते दहा दिवसांत तलाव संपतो. घाबरलेला माणूस रात्री ओहोटीला उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, खोलून पाणी खाडीत सोडतो, आणि पुढच्या भरतीला तेच पाणी शेजारी आत घेतो. क्लोरीन टाकल्याशिवाय पाणी सोडू नका, हे लाखो रुपये बुडालेल्या माणसाला कसं सांगायचं? कायद्याचा धाक दाखवलात तर तो पुन्हा फोन करणार नाही. हे जाणत्या अधिकाऱ्याबरोबर फिरूनच शिकता येतं.

जमलं तर एक अख्खं पीक, शंभर-सव्वाशे दिवस, एकाच तलावावर जात राहा. पहाटे चारला जा. ऑक्सिजन तेव्हाच सगळ्यात कमी असतो.