वाचक विचारतात : शिवराईची माळ सोनेरी की तांबूस?

प्रश्न : आमच्या वसाहतीत 6 जूनला शिवराज्याभिषेक दिन साजरा होतो. बाजारातील प्लास्टिकच्या दागिन्यांऐवजी यंदा मुलांनी हाताने घडवलेले दागिने घालावेत, असे ठरले आहे. शिवराई नाण्यांची सोनेरी माळ करण्याचा विचार आहे. ती कशी करावी आणि तिच्यासोबत आणखी काय करता येईल?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला बेत उत्तम आहे, मात्र माळ सोनेरी करू नका. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या काळातील सोन्याचे नाणे होन होते, तर शिवराई हे तांब्याचे नाणे होते. त्यामुळे सोनेरी शिवराई दिसायला कितीही झळाळती असली तरी ती चुकीचीच ठरते. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी अक्षरे असून कडेने ठिपक्यांचे वर्तुळ असते. हाताने ठोकलेल्या या नाण्यांवर ठसा पुष्कळदा पूर्ण उमटत नसे, त्यामुळे एखादे अक्षर काठाशी कापले गेलेले दिसते. म्हणून मुलांच्या हातून गोल थोडा वाकडा झाला किंवा अक्षर कडेला सरकले, तर ते दुरुस्त करत बसू नका.

ठशासाठी मोठे खोडरबर पुरते. पारदर्शक कागदावर अक्षरे लिहून कागद उलटा करावा आणि ती उलटी अक्षरे रबरावर उतरवून कोरावीत. कोरण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. पांढरा गोंद आणि कॉर्नफ्लोअर समप्रमाणात घेऊन, तेलाचे दोन-चार थेंब घालून, हाताला चिकटणार नाही इतपत मळावे. ठसा उमटवल्यावर लगेच भोक पाडावे आणि ते दोऱ्याच्या जाडीपेक्षा थोडे मोठे ठेवावे, कारण हे मिश्रण वाळताना आकसते. चकत्या उन्हात ठेवल्यास तडकतात. पंख्याखाली, मधूनमधून उलटून वाळवाव्यात. जूनच्या दमट हवेत वाळायला वेळ लागत असल्याने काम मेअखेरीस उरकावे. तांब्याचा रंग पक्का वाळल्यावर पातळ काळा रंग फासून तो ओल्या फडक्याने लगेच पुसावा, म्हणजे काळेपणा खोलगट जागी उरतो आणि अक्षरे उठून दिसतात. माळ नायलॉनच्या दोरीत न ओवता लाल रेशमी गोफात ओवावी. गावात पटवेकरी (दागिने दोऱ्यात गाठवून देणारे कारागीर) असल्यास त्यांच्याकडून गाठी शिकून घेता आल्या तर फारच चांगले.

सोबतच्या दागिन्यांसाठी ठुशी, चिंचपेटी आहेतच, पण त्या कोणत्याही सणाला शोभतात. या दिवसाचे खास असे काही हवे असल्यास सिंहासनाकडे पाहावे. राज्याभिषेकास हजर असलेला इंग्रज वकील (म्हणजे राजदूत) हेन्री ऑक्झेंडन याने सिंहासनाच्या उजवीकडे भाल्यांच्या टोकांवर सोन्याची दोन मोठी मत्स्यमुखे, तर डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि सोन्याचा तराजू पाहिल्याची नोंद केली आहे. मत्स्यमुखांची कर्णभूषणे आणि तराजूचे पदक पुठ्ठ्यावर मिश्रणाचा थर देऊन सहज करता येतात, आणि येथे सोनेरी रंग निःशंकपणे वापरावा. घोड्यांच्या शेपट्यांसाठी काळ्या लोकरीचे गोंडे लावून मुलांना त्यांचे भाले सजवता येतील.

कार्यक्रमानंतर शिवरायांचे नाव असलेल्या चकत्या कचऱ्यात किंवा पायदळी जाऊ नयेत म्हणून त्या मोजून परत घ्याव्यात आणि एका डब्यात पुढील वर्षासाठी जपून ठेवाव्यात.