दत्तकाची फाईल आणि मधली वर्षं

बाळा,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. दत्तकाच्या अर्जासाठी बोटांचे ठसे पुन्हा द्यायला बोलावलंय म्हणून एवढी रडलीस की मधलं अर्धं मला कळलंच नाही, तर आधी तेच सांगते, ठसे पुन्हा मागितले म्हणजे तुमच्या फाईलमध्ये काही खोट निघाली असं अजिबात नाही. तुमच्या त्या आय-८००ए ची, म्हणजे दत्तक आईबाप म्हणून तुम्ही अमेरिकेत केलेल्या अर्जाची, मंजुरी १५ महिन्यांची असते, ठशांची मुदतही तेवढीच, आणि इकडं निरोगी लहान बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतंय, मग मधे मुदत संपणारच ना गं. संपायला तीन महिने राहिले की वाढवून मागायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवायचं आणि जीवाला लावून घ्यायचं नाही.

आता जे खरं बोलायचंय ते. तू म्हणलीस, मावशी तू एवढी वर्षं शिशुगृहात काढलीस, कुणाला तरी एक फोन कर ना. आणि परवा तुझ्या आईनं पण हळूच विषय काढला, ओळखीच्या एका दवाखान्यात एक पोरगी बाळंत व्हायची हाय, तिला लेकरू ठेवायचं नाही, तिथूनच घेतलं तर काय बिघडलं. तुझी आई माझी जिवाभावाची मैत्रीण, तिला तोंडावर सांगितलंय, तुला लिहून सांगते. हे करायचं नाही. दिवाळीला परत कुणी विषय काढला तरी नाही.

कायद्यानं तो गुन्हा आहे, बाल न्याय कायद्याचं कलम ८०, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही, आणि पैशाची देवाणघेवाण झाली तर कलम ८१, ती सरळ लेकराची खरेदी-विक्री, तिथं पाच वर्षांपर्यंत. बरं कायदा एक वेळ बाजूला ठेव, नुसता व्यवहार बघ. असं घेतलेल्या लेकराला कारा, म्हणजे दत्तकाचं सगळं बघणारी केंद्र सरकारची संस्था, एनओसी देणार नाही, एनओसी नाही तर अमेरिकेचा दत्तकाचा व्हिसा नाही. म्हणजे लेकरू अंबाजोगाईला तुझ्या आईकडं आणि तुम्ही दोघं न्यू जर्सीत व्हिडिओ कॉलवर, आणि ते किती वर्षं चालेल कुणीच सांगू शकत नाही. अशा घरांचे हाल मी जवळून बघितलेत, त्यांचं दुःख तुझ्या वाट बघण्यापेक्षा लई मोठं असतं.

पण यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती दवाखान्यातली पोरगी आहे, तिचा विचार तुम्ही कुणीच केला नाही. कायद्याच्या रस्त्यानं गेली तर तिला बाल कल्याण समितीपुढं यावं लागतं, तिथं तिच्याशी बोलतात, सही घेतात, आणि सहीनंतर तिला ६० दिवस मिळतात, मन बदललं तर लेकरू परत न्यायला. ते ६० दिवस तुम्हाला उशीर वाटतात, तिच्यासाठी ते सगळं काही असतं गं. ऊसतोडीच्या टोळीवर असताना फसलेल्या, घरी न सांगता बहिणीकडं येऊन बाळंत झालेल्या, पाटलाच्या नाहीतर भावकीच्या भीतीनं सही करून गेलेल्या पोरी मी बघितल्यात. काहीजणी त्या मुदतीत परत आल्या, कुणी आईला घेऊन, कुणी मामाला घेऊन, आणि लेकरू छातीशी धरून घेऊन गेल्या. दवाखान्याच्या मागच्या दारानं गेलेलं लेकरू असं परत आणता येत नाही. आणि सोडून दिलेलं, सापडलेलं लेकरू असेल तर आधी त्याच्या माणसांचा शोध, पेपरात फोटोसकट जाहिरात, पोलिसांचा रिपोर्ट, दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार महिने, मग समिती त्याला दत्तकासाठी मोकळं करते. तुझ्या नावानं लेकरू दिसायच्या आधीच हे सगळं झालेलं असतं.

हे नियम कुणा बाबूनं तुम्हाला छळायला काढलेले नाहीत. १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं होतं, की दत्तकाच्या नावाखाली आपली लेकरं परदेशी पाठवली जातात आणि पुढं त्यांचं काय होतं ते कुणी बघत नाही. कोर्टानं त्या पत्राचीच याचिका करून घेतली आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला, त्यातून ही सगळी घडी बसली. १९९० ला कारा झाली, पुढं २००३ ला भारत हेग करारात, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाच्या करारात, आला. तुझ्या फाईलमधले ते आर्टिकल फाइव्ह, आर्टिकल ट्वेंटी थ्री म्हणजे त्याच कराराची कलमं. पाचवं म्हणजे तुमचा देश म्हणतो हे आईबाप लायक आहेत आणि लेकराला आमच्याकडं येता येईल, तेविसावं म्हणजे आपला देश म्हणतो हे दत्तक करारानुसार झालं. दोन देश एका लेकरासाठी लेखी जबाबदारी घेतायत, त्याला थोडा वेळ लागणारच.

आणि हे कागद तुझे नाहीतच मुळी, ते त्या लेकराचे आहेत. मी नोकरीत असताना एक मुलगी आली होती परदेशातून, पंचविशीतली, लहानपणी आमच्याकडून गेलेली. रीतसर परवानगी घेऊन आली होती. आम्ही जुनं रजिस्टर काढून समोर ठेवलं, मराठी तिला येत नव्हतं, एका ओळीवर बोट ठेवून विचारायला लागली हे काय लिहिलंय. निळ्या शाईत आयाबाईंनी लिहिलेलं, वजन दोन किलो शंभर, दूध चांगलं घेते, उजव्या कुशीवर झोपते. तिनं ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि तिच्या वहीत तिच्या लिपीत जसंच्या तसं उतरवलं, मराठी शब्द, मग अर्थ. मग विचारलं हे कुणी लिहिलं, त्या बाई कुठं असतात. तिच्या आईचं नाव आम्ही तिला देऊ शकत नव्हतो, सही करून दिलेल्या आईचं नाव गुप्तच ठेवावं लागतं, पण ती ओळ तिची होती आणि ती तिला मिळाली. दवाखान्यातून परस्पर घेतलेल्या लेकराला तेवढी ओळ पण मिळत नाही. आपल्या मराठवाड्याला हे काय वेगळं सांगायचं, २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा निजामाच्या काळातली मोडीतली, उर्दूतली दप्तरं उघडली, पणजोबाच्या नावाची एक ओळ सापडावी म्हणून माणसं तहसीलच्या दारात बसून होती. तुझं लेकरू पण कधीतरी असंच विचारत येईल.

म्हणून लेकराची फाईल हातात आली की सगळ्याची कॉपी माग, समितीचा आदेश, सीएसआर म्हणजे लेकराच्या माहितीचा अहवाल, मेडिकल, वजनाचा तक्ता, आल्यावर अंगावर काय होतं त्याची नोंद असेल तर ती, आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईंबरोबर एक फोटो संस्थेला विचारून काढ.

आता तुमच्या बाजूचे कागद. मुदत वाढवताना होम स्टडी, म्हणजे तुमच्या घराची चौकशी, अपडेट करायला येणारी बाई घरातलं सगळं परत विचारेल, तुझं दोनदा राहून गेलेलं, ते आयव्हीएफ, पैसा, नवरा-बायकोची भांडणं, लहानपणी मार बसायचा का. आपल्याकडं घरातलं बाहेर सांगायची पद्धत नाही आणि तू तर तुझ्या आईवर गेलीस, सगळं बरंय म्हणून हसून टाळशील, तर टाळू नकोस. दुःख सांगितलं म्हणून कुणी नापास करत नाही, लपवलेलं नंतर निघालं की मात्र करतात. आणि तुझ्या नवऱ्याला स्पष्ट विचार, परभणीकडं जमिनीच्या वादात चुलत्यांनी केलेल्या केसमध्ये ह्याचं नाव होतं की नाही, अटक झाली होती का, केस मिटली असली तरी सांगायचं आणि कोर्टाचा कागद काढून आणायचा. किरकोळ होतं म्हणून गाळलं तर तेच किरकोळ मंजुरी अडवतं. सासूबाई कायमच्या तिकडं राहायला येणार असतील तर त्यांचेही ठसे आणि चौकशी, हे त्यांना तिकीट काढायच्या आधी सांग.

नावाचं तेवढं लगेच बघ. दहावीच्या सनदेवर तुझं आडनाव एका स्पेलिंगनं, पासपोर्टवर दुसऱ्या, आणि जन्माच्या दाखल्यावर नावच नाही, नुसतं "मुलगी" लिहिलंय, ग्रीन कार्डच्या वेळी ॲफिडेव्हिटवर भागलं असेल पण आता नीट करून घे. आईला नगरपरिषदेत जाऊन नाव आता कसं लावता येईल ते विचारायला सांग, एजंटला पैसे देऊ नका. तुमचा नंबर कागद काराच्या पोर्टलवर पूर्ण चढले की लागतो, मनात ठरवलं त्या दिवसापासून लागत नाही, म्हणून एका स्पेलिंगसाठी महिने घालवणं परवडत नाही.

पैशाचं पण सांगून ठेवते. परदेशी जाणाऱ्या लेकरासाठी भारतातल्या संस्थेला द्यायची रक्कम नियमातच लिहिलीय, ५,००० डॉलर, पावती मिळते. त्यावर कुणी डोनेशन म्हणलं, खुशीनं द्या म्हणलं, तर द्यायचं नाही आणि तिकडच्या तुमच्या दत्तक एजन्सीला लेखी कळवायचं.

मग एक दिवस ईमेल येईल. लेकराचा फोटो, सीएसआर, मेडिकल, आणि राखून ठेवायला ९६ तास, त्यानंतर मंजुरीची सही करायला ३० दिवस. त्या चार दिवसांत बालरोगतज्ज्ञ शोधत बसू नकोस, आत्ताच एक ठरवून ठेव, ज्याला संस्थेतली लेकरं माहीत आहेत. वजन कमी, हिमोग्लोबिन कमी, उशिरा चालायला लागलं असं बऱ्याच जणांचं असतं, त्यातलं कशानं भरून निघेल आणि कशाला आयुष्यभर उपचार लागतील हे त्यानं सांगायचं. आणि वाचून तुमच्या दोघांचं मन खरंच तयार झालं नाही तर नाही म्हणा. त्याचा अपराध वाटून घेऊ नकोस, त्या लेकराला दुसरं घर मिळू द्या. जीव मुठीत धरून हो म्हणलेलं मी बघितलंय, त्यात लेकराचंच नुकसान होतं.

तुझ्या मनात आपल्याकडचंच लेकरू यावं असं आहे, लातूरचं, बीडचं, मराठी बोलणारं. मला पण आवडलं असतं, पण पोर्टल सगळ्या देशाचं आहे, लेकरू ओडिशाचं असेल, तेलंगणाचं असेल. तीन वर्षांचं असेल तर त्याची भाषा त्याला येत असणार, भूक लागली, शू लागली, भीती वाटते एवढे वीसेक शब्द त्याच्या भाषेत शिकून जा.

हो म्हणल्यावरचा टप्पा सगळ्यात अवघड, कारण आता चेहरा माहीत झालेला असतो. तिकडं आय-८०० ची, म्हणजे त्याच लेकरासाठीच्या अर्जाची, तात्पुरती मंजुरी, मग आर्टिकल फाइव्हचं पत्र, मग काराची एनओसी, मग लेकरू ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्ट देत नाही, कलेक्टर देतात, नियमात दोन महिने दिलेत. पण कलेक्टर ऑफिस तू बघितलंयस, निवडणूक लागली, अतिवृष्टी होऊन पंचनामे सुरू झाले की सगळं ऑफिस तिकडं, त्यामुळं थोडं मागंपुढं होतं. रोज संस्थेला फोन करू नका, तिथं एकच समाजसेविका सगळं बघत असते, आठवड्याला एक ईमेल, त्यात एकच नेमका प्रश्न, त्याला उत्तर मिळतं. त्यानंतर जन्माचा दाखला, पासपोर्ट, काराचं प्रमाणपत्र, दिल्लीचा व्हिसा, हे तुलनेनं भराभर होतं.

घरच्यांचं आत्ताच उरकून घे. तुझी आजी विचारणार, कुणाचं लेकरू, कुठल्या जातीचं, रंग कसाय. मामा म्हणतील आपल्याच नात्यातलं घेतलं असतं. लेकरू दारात आल्यावर हे बोलणं त्याच्या कानावर पडता कामा नये, म्हणून आजीला फोनवर तू स्वतः सांग, नवऱ्याकडून नको, की हे माझं लेकरू आहे आणि असले प्रश्न मला चालणार नाहीत. आजी रुसेल चार दिवस. लेकराला दत्तक असल्याचं कधी सांगायचं म्हणतेस तर पहिल्या दिवसापासून, कळायच्या आधीपासून, म्हणजे तुम्ही सांगितल्याचा असा दिवसच त्याला आठवायला नको.

घरी आल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी लेकरू कसं आहे त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो, एकूण सहा, ते कोण लिहिणार हे एजन्सीला आत्ताच विचारून ठेव. आणि तुझ्या मेसेजच्या शेवटी जाता जाता म्हणलीस की ह्यांना टेक्सासला नोकरी मिळतेय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. घर बदललं की होम स्टडी अपडेट करावी लागते, राज्य बदललं तर तिथं काम करायची परवानगी असलेली एजन्सी लागते, पगार बदलला तरी कळवावं लागतं. तेव्हा ह्यांनी ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एजन्सीला फोन कर, आणि काय म्हणतात ते मला कळव.

तुझी मावशी,
लातूर