ऑर्डर वाढल्या, मग पगाराला पैसे का नाहीत?

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. महिन्याला 20 लाखांचं काम व्हायचं, आता 30 लाखांच्या ऑर्डर येताहेत. लोखंड रोखीनं घ्यावं लागतं, पार्ट्या 60 दिवसांनी पैसे देतात. सीए म्हणतात, बिझनेस प्लॅन लिहा. एवढ्या कामात लिहायला वेळ कुठून आणू?

काम वाढतंय, म्हणूनच लिहायची वेळ आली आहे. तुमचाच हिशेब मांडू. 100 रुपयांच्या कामात लोखंड, मजुरी, वीज धरून 80 रुपये जातात असं समजा. काम महिन्याला 10 लाखांनी वाढलं, की दरमहा 8 लाख जास्तीचे घालावे लागतील. वाढीव कामाचा पहिला रुपया हातात येईपर्यंत निदान 16 लाख अडकलेले असतील. वहीत नफा दिसेल आणि सात तारखेला पगाराची जुळवाजुळव करताना तुमची झोप उडेल. चांगली चालणारी वर्कशॉप्स याच पायरीवर अडखळताना मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीनं सांगतो.

एक मोठा कागद घ्या आणि बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा. वर येणारे पैसे, खाली जाणारे. बिल कधी फाडलं ते सोडा, पैसे खात्यात कधी पडतील तो महिना लिहा. जीएसटी विसरू नका. पार्टीनं पैसे थकवले तरी बिलावरचा कर तुम्हाला वेळेत भरावाच लागतो. ज्या महिन्यात शिल्लक शून्याखाली जाते, त्याच्या तीन महिने आधी बँकेत जा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलीच असेल. नसेल तर आधी करा. 2006च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. पैसे थकवले तर खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा दाखवता येत नाही. नव्या ऑर्डरचे भाव ठरवतानाच हे मोकळेपणानं बोला.

प्रश्न : मी आणि माझी जाऊ संत्रा बर्फी आणि संत्र्याचा गर तयार करून विकतो. वर्षाची विक्री 80 लाखांपर्यंत न्यायची आहे. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला. वेगळा बिझनेस प्लॅन कशाला, तोच पुरेसा नाही का?

ताई, रिपोर्ट नीट पाहा. वर्षाच्या विक्रीला बारानं भागून प्रत्येक महिन्यात सारखा आकडा टाकला आहे का? आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. फळ त्याच दिवसांत घ्यायचं, गर काढून साठवायचा आणि पुढे महिनोन्‌महिने वापरायचा. म्हणजे पैसा दोन हंगामांत एकदम लागतो आणि सावकाश परत येतो.

बँका छोट्या उद्योगांच्या खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा, ढोबळ हिशेब असा करतात : अपेक्षित वार्षिक विक्रीच्या 25 टक्के गरज, त्यातले 20 टक्के बँकेचे, 5 टक्के तुमचे. 80 लाखांवर बँकेचे 16 लाख, तुमचे 4 लाख. पण ऐन हंगामात हे 20 लाख पुरतील का, हे फक्त तुम्ही दोघीच सांगू शकता. महिन्यागणिक खरेदी लिहून न्या आणि हंगामापुरती कर्जाची वाढीव मर्यादा मागा.

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत आमचं मसाल्याचं घाऊक दुकान आहे. मुलगा म्हणतो, समृद्धी महामार्ग पूर्ण झाला, आता भिवंडीत गोदाम घेऊ. माझा सगळा हिशेब डोक्यात आहे. लिहायची खरंच गरज आहे का?

काका, तुमच्या डोक्यातला हिशेब बरोबरच असणार, पण तो मुलाला दिसत नाही. 701 किलोमीटरच्या या रस्त्यानं माल लवकर पोचेल, उधारी मात्र लवकर वसूल होणार नाही. तुम्ही दोघं वेगवेगळ्या कागदांवर तीन गोष्टी लिहा : गोदामावर महिन्याचा खर्च किती, तोटा किती महिने सोसायचा, आणि किती रक्कम गेल्यावर थांबायचं. मग कागद शेजारी ठेवा. आकडे जिथे जुळत नाहीत, तिथे आधी बोला. गोदामाचा इसार त्यानंतर द्या.