वाचकांचे प्रश्न : शुल्क नाही, मग कमाई कुठून?

प्रश्न : खडेबाजारात माझे कुंद्याचे दुकान आहे. गिऱ्हाइकाने फोनपेवरून दिलेली रक्कम पूर्ण जमा होते. मग ही बंगळूरची कंपनी वाढली कशी?
– एक दुकानदार, बेळगाव

उत्तर : आपली शंका रास्त आहे. डिसेंबर २०१५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी पुढच्याच वर्षी फ्लिपकार्टने विकत घेतली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि नोव्हेंबरमधील नोटाबंदीने सुट्या पैशांसाठी अडलेले दुकानदार आपसूक तिच्याकडे वळले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवरील व्यापारी शुल्क सरकारने शून्य केले, त्यामुळे केवळ देवघेवीतून कमाई होणे अवघड झाले, पण तोवर घराघरांत पोहोचलेले ॲप हेच तिचे भांडवल ठरले होते. मोबाइल रिचार्जवरील कमिशन, विमा व कर्जे मिळवून देण्याचा मोबदला आणि गल्ल्याशेजारी रक्कम पुकारणाऱ्या डबीचे भाडे, हे तिच्या उत्पन्नाचे काही मार्ग आहेत. (ही डबी कन्नडमध्येही बोलते, मराठीतही, त्यावरून अजून वाद झालेला नाही, हे विशेष.) आपणही असे भाडे भरत असाल, तर खात्याचा उतारा एकदा तपासून पाहावा.